जमिनींत पुरलेली तेलाची जुनी टाकी : ती निकामी कशी करावी

गेल्या महिन्यांत आपल्या संघाच्या एका सभासदबंधूंचें पत्र आलें. त्यांच्या वडिलांनीं सडकेलगतची थोडी जमीन पेट्रोलपंपासाठीं भाडेपट्ट्यानें दिली होती. पट्ट्याची मुदत संपून बरींच वर्षें झालीं. पंपवाल्यानें यंत्रें नेलीं, छपराचे पत्रे नेले, परंतु जमिनींतील दोन टाक्या तशाच राहिल्या. आतां त्या जागीं कांद्याची चाळ बांधावयाची आहे. एका भंगारवाल्यानें टाक्या उकरून, गॅसकटरनें जागेवरच कापून नेण्याची व वर कांहीं रक्कम देण्याचीहि तयारी दाखविली आहे. "टाक्या रिकाम्याच आहेत, मग त्यास होकार देण्यास हरकत काय?" असा त्यांचा प्रश्न आहे.

हरकत आहे, आणि ती माणसाच्या जिवाची आहे. म्हणून त्या बंधूंस दूरध्वनीनें त्याच दिवशीं थांबविलें आणि सविस्तर उत्तर येथें देत आहों. कारण हा प्रश्न त्यांच्या एकट्याचा नाहीं. सडकेच्या कडेचे बंद पडलेले पंप, जुने कारखाने, मोटार वाहतुकीचे तळ, सहकारी संस्थांचीं डिझेलकेंद्रें अशा जागा पुढें शेतकऱ्याकडे परत येतात किंवा तो त्या विकत घेतो. जमिनीवर जें दिसतें तें त्यास ठाऊक असतें. जमिनीखालीं काय आहे याचा मात्र पत्ता नसतो. सातबाराच्या उताऱ्यांत टाकी दिसत नाहीं. बर्मा-शेल, एस्सो व कॅलटेक्स या परदेशी कंपन्यांचा येथील धंदा १९७४ ते १९७६ या काळांत सरकारनें आपल्या हातीं घेतला. त्यापूर्वींपासून चालत आलेल्या पंपांच्या जागा कितीदां तरी हस्तांतरित झाल्या आहेत, आणि प्रत्येक हस्तांतरणाबरोबर टाकीविषयीं कोणास काय माहीत होतें, तें विसरलें गेलें आहे.

रिकामी टाकी भरलेल्या टाकीहून घातक

सर्वसामान्य समजूत अशी कीं, तेल काढून घेतलें म्हणजे धोका संपला. वस्तुस्थिति याच्या नेमकी उलट आहे. पेट्रोल द्रवरूपानें जळत नाहीं. जळते ती त्याची वाफ, आणि तीहि हवेशीं ठराविक प्रमाणांत मिसळली असेल तरच. हवेंत शेंकडा सुमारें १.४ पासून ७.६ पर्यंत पेट्रोलची वाफ असली म्हणजे तें मिश्रण स्फोटक होतें. भरलेल्या टाकींत तेलाच्या वरची वाफ इतकी दाट असते कीं, तींत जळण्यापुरती हवाच नसते. टाकी रिकामी झाली, झांकण उघडलें, हवा आंत गेली, कीं तेंच मिश्रण पातळ होत होत स्फोटक प्रमाणांत येऊन बसतें.

शिवाय रिकामी म्हटलेली टाकी खरोखर रिकामी नसते. तेल ओढणारी नळी बुडापर्यंत पोंचत नाहीं. तिच्या खालीं कांहीं बोटें तेल, पाणी व गाळ राहतोच. आंतील गंजाच्या पापुद्र्यांतहि तेल मुरलेलें असतें आणि तें महिनोन्महिने वाफ देत राहतें. एक लिटर पेट्रोलची पुरी वाफ झाली, तर दहा हजार लिटरांची टाकी स्फोटक मिश्रणानें भरून टाकण्यास ती पुरेशी आहे. अशा टाकीवर गॅसकटर लावणें म्हणजे सुमारें तीन हजार अंश उष्णतेची ज्योत दारूच्या कोठाराच्या भिंतीस लावणें होय.

"आमच्या टाकींत डिझेल होतें, पेट्रोल नव्हतें," असें सांगून पुष्कळ लोक निश्चिंत होतात. डिझेल साधारण उष्णतेंत सहसा पेट घेत नाहीं, हें खरें. परंतु आपल्या देशांतील मानकाप्रमाणें डिझेलची वाफ पेट घेऊं शकेल अशी किमान उष्णता ३५ अंश सेंटिग्रेड धरलेली आहे. वैशाखांत विदर्भ-खानदेशाकडे हवेचेंच मान ४५ अंशांवर जातें, मग उघड्या पत्र्याचें किती होत असेल? त्यांत कटरची ज्योत लागतांच पत्र्याच्या आंतील बाजूचा गाळ तापून त्याची वाफ होते आणि स्फोटास लागणारें मिश्रण कापणाऱ्याच्या हातांनींच तयार होतें. त्याच टाकींत पूर्वीं कधीं पेट्रोल भरलें जात होतें कीं काय, हेंहि बहुधा कोणास सांगतां येत नाहीं.

पेवाचा अनुभव येथें लागू नाहीं

आपल्या दख्खनच्या शेतकऱ्यास जमिनीखालच्या कोंदट हवेची ओळख नवीन नाहीं. ज्वारीचें पेव उघडल्याबरोबर कोणी त्यांत उतरत नाहीं. धान्याच्या श्वसनानें आंतील प्राणवायु सरलेला असतो व कर्बवायु सांठलेला असतो. म्हणून तोंड उघडें ठेवून हवा खेळूं द्यावी, मग कंदील दोरीनें आंत सोडावा, आणि तो विझला नाहीं तरच माणसानें उतरावें, ही वडिलोपार्जित रीत आहे. जुन्या विहिरीचा गाळ काढतांनाहि हीच खबरदारी घेतली जाते. या रीतीनें असंख्य जीव वांचविले आहेत.

परंतु पेवावर जी रीत माणसास वांचविते, तीच तेलाच्या टाकीवर त्याचा प्राण घेते. टाकींत दिवा सोडला, आगकाडी ओढून पाहिली, अगर साधी विजेची बत्ती किंवा दूरध्वनीचें यंत्र आंत धरलें, तरी ठिणगीस जागा मिळते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षां तीन-चार पट जड असते. ती तोंडाशीं वासानें कळो वा न कळो, बुडाशीं दाट बसलेली असते. खणलेल्या खड्ड्यांत उतरते आणि जमिनीसरपट बऱ्याच अंतरावर जाऊन तेथील चुलीशीं किंवा इंजिनाशीं पेट घेऊं शकते.

स्फोट झाला नाहीं तरी आंत उतरणाऱ्याची सुटका नाहीं. ओल्या पत्र्यावर गंज चढतांना तो हवेंतील प्राणवायु शोषून घेतो, आणि वर्षानुवर्षें बंद राहिलेल्या टाकींत श्वासास लागणारी हवा उरलेलीच नसते. निरोगी माणसास हवेंत शेंकडा सुमारें २१ भाग प्राणवायु लागतो, १९.५ भागांच्या खालीं तो गेला तर आंत जाणें निषिद्ध मानतात. शिवाय आपल्या देशांत शिसेंमिश्रित पेट्रोलची विक्री २००० सालीं सर्वत्र बंद झाली. त्यापूर्वींच्या टाकीच्या गाळांत शिशाचें विषारी द्रव्य असण्याचा संभव धरूनच चालावें लागतें. अशा ठिकाणीं पहिला इसम कोसळतो, त्यास काढण्यास दुसरा उतरतो, आणि दोघेहि वर येत नाहींत. हा दुसरा इसम बहुधा भाऊ, मुलगा किंवा शेजारी असतो. म्हणून एक नियम कुटुंबांतील प्रत्येकास सांगून ठेवावा : टाकींत कोणीहि, कोणत्याहि कारणासाठीं उतरूं नये; पडलेल्या माणसास वाचविण्यासाठींहि साधनांवांचून उतरूं नये.

विहिरीस होणारा अपाय

टाकी तशीच पडूं दिली तर तिचा उपद्रव माणसाऐवजीं जमिनीस व पाण्यास होतो. पोलादी पत्रा ओल्या जमिनींत गंजतो. आपली काळी माती पावसाळ्यांत फुगते व उन्हाळ्यांत भेगाळते. या ओढाताणीनें टाकीपेक्षांहि तिच्या नळांचे सांधे आधीं सैल होतात. गळती प्रायः तेथूनच सुरू होते आणि ती जमिनीवर दिसत नाहीं. सेकंदास एक थेंब गळला तर दिवसाला चार लिटरांहून अधिक व वर्षाला सुमारें पंधराशें लिटर तेल जमिनींत जातें.

हें तेल मातींतून खालीं उतरून भूजलावर तरंगतें. आपल्या काळ्या पाषाणांत पाणी भेगाभेगांतून वाहतें. म्हणून तेलहि सरळ रेषेनें न जातां ज्या भेगेंत शिरेल तिकडे जातें आणि जवळची विहीर सोडून दूरच्या विहिरींत उतरल्यास नवल नाहीं. पाण्यावरील तेलाचा तवंग तरी डोळ्यांस दिसतो. खरा धोका पाण्यांत विरघळणाऱ्या अंशाचा आहे. पेट्रोलमध्यें बेन्झीन नांवाचें द्रव्य असतें व त्यानें रक्ताचा कर्करोग होतो. आजच्या पेट्रोलमध्यें तें शेंकडा एक भागापर्यंत असूं शकतें. पिण्याच्या पाण्यांत तें लिटरमागें १० मायक्रोग्रॅमपेक्षां, म्हणजे एका ग्रॅमच्या लक्षांशापेक्षां, अधिक नसावें अशी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे. याचा हिशेब करून पाहावा. एक लिटर पेट्रोलमधील बेन्झीन सुमारें पावणेनऊ ग्रॅम भरतें. तें सर्व पाण्यांत उतरलें असें धरलें, तर पावणेनऊ लक्ष लिटर पाणी त्या मर्यादेस पोंचतें. वीस फूट व्यासाच्या व पंधरा फूट पाणी असलेल्या अशा सुमारें साडेसहा विहिरी झाल्या! प्रत्यक्षांत बराच भाग उडून जातो, कांहीं मातींत अडकतो, हें खरें. तरी एका लिटराची शक्ति केवढी आहे हें यावरून ध्यानांत येईल. पाण्यास वास येण्यासाठीं जेवढें बेन्झीन लागतें त्याच्या पुष्कळ खालीं ही मर्यादा आहे. सबब वास येत नाहीं म्हणून पाणी निर्दोष, असें समजूं नये. तुरटी फिरवून किंवा विहिरींत औषध टाकूनहि तें निघत नाहीं.

अमेरिकेंत या गोष्टीचा कटु अनुभव मोठ्या प्रमाणावर आला. तेथें पंपांवर तर टाक्या होत्याच, परंतु हिवाळ्यांत घर उबदार ठेवण्याचें तेलहि अंगणांत पुरलेल्या टाकींत सांठविण्याची चाल होती. १९८४ सालीं तेथील कायदेमंडळानें या प्रश्नांत हात घातला, १९८८ सालीं नियम झाले, आणि जुन्या टाक्या सुधारण्यास किंवा बंद करण्यास २२ डिसेंबर १९९८ ही अखेरची तारीख देण्यांत आली. तेव्हांपासून तेथें पांच लक्षांहून अधिक टाक्यांच्या गळत्या नोंदल्या गेल्या आहेत. शेतकऱ्याच्या स्वतःच्या उपयोगाच्या, ११०० गॅलनपर्यंतच्या, म्हणजे सुमारें चार हजार लिटरांच्या, टाकीस त्या मध्यवर्ती नियमांतून सूट आहे. परंतु कायद्यानें सूट दिली तरी पाणी सूट देत नाहीं. शेतावरची विहीर शेतकऱ्याचीच असते.

पावसाळ्यांत वर येणारी टाकी

आणखी एक गोष्ट नदीकांठच्या व पाणथळ जमिनीच्या मालकांनीं लक्षांत घ्यावी. दहा हजार लिटरांची रिकामी टाकी पाण्याखालीं गेली, तर ती दहा टन पाणी बाजूस सारते, म्हणजे तिला दहा टनांचा रेटा वर ढकलतो. पोलादी टाकीचें स्वतःचें वजन फार तर दीड-दोन टन असतें. वरच्या मातीचा भार व बांधकाम यांनींच ती जागेवर राहते. भूजल चढलें, माती भिजून सैल झाली, कीं टाकी होडीप्रमाणें वर उचलते, नळ तुटतात, आणि राहिलेलें तेल एकदम मातींत जातें. तेव्हां तेल काढून टाकी तशीच रिकामी ठेवणें हा सर्वांत वाईट मार्ग होय. काम उन्हाळ्यांत, भूजल खालीं असतां, मृग नक्षत्रापूर्वीं उरकावें. तें शक्य न झाल्यास पावसाळ्यापुरतें टाकींत पाणी भरून ठेवण्याविषयीं जाणकारांचा सल्ला घ्यावा. मात्र तें पाणी तेलकट होतें व पुढें ओढ्यांत किंवा शेतांत सोडतां येत नाहीं, याचा विचार आधींच करावा.

कामास आरंभ करण्यापूर्वीं

प्रथम टाकी कोठें आहे तें निश्चित करावें. जमिनींतून वर आलेली उभी नळी, लोखंडी झांकणें व सिमेंटचा चौथरा या तिच्या खुणा आहेत. पंपाच्या परवान्यास जोडलेल्या मंजूर नकाशांत टाक्यांची संख्या, माप व जागा दाखविलेली असते. जुन्या भाडेकरूकडून ती प्रत मिळवावी. नंतर टाकींत तेल व पाणी किती आहे तें जाणकार माणसाकडून लांकडी किंवा पितळी गजानें मोजवावें. लोखंडी सळई आंत टाकूं नये. टाकींत अनपेक्षित पाणी आढळलें तर पत्र्यास छिद्र पडलें असण्याचा संभव आहे. ज्या वाटेनें पाणी आंत आलें त्याच वाटेनें तेल बाहेर गेलें असेल.

त्याच वेळीं आपल्या व शेजारच्या विहिरींच्या पाण्याचा नमुना प्रयोगशाळेंत देऊन तपासणी करून घ्यावी. काम सुरू होण्यापूर्वींचा हा कागद पुढें वाद निघाल्यास फार मोलाचा ठरतो.

टाकी काढण्याची रीत

हें काम शेतकऱ्यानें किंवा गांवच्या कारागिरानें स्वतः करावयाचें नाहीं. तथापि जो पैसे देतो त्यास कामाचा क्रम ठाऊक असावा, म्हणजे ठेकेदार कोणती पायरी गाळतो आहे तें त्यास समजेल. क्रम येणेंप्रमाणें आहे :

(१) जागेचा विजेचा प्रवाह तोडावा. चूल, विडी, मोटार, इंजिन हीं सर्व दूर ठेवावीं. दोरी बांधून मुलें व जनावरें यांस अटकाव करावा. वारा पडलेल्या दिवशीं वाफ खड्ड्यांत सांचून राहते; असा दिवस टाळावा.

(२) नळांतील तेल टाकींत उतरवून घ्यावें आणि टाकींतील सर्व तेल ठिणगी न पाडणाऱ्या पंपानें परवाना असलेल्या वाहनांत काढावें.

(३) नळ सोडवून त्यांचीं तोंडें बंद करावीं. टाकीच्या माथ्यापर्यंतची माती काढावी. काळ्या मातीच्या उभ्या कडा ढासळतात; म्हणून खड्ड्याच्या बाजूस उतार द्यावा किंवा फळ्यांचा आधार लावावा.

(४) बुडाचा गाळ व धुण्याचें पाणी काढून बंद पिंपांत भरावें.

(५) मग टाकी वाफमुक्त करावी. यासाठीं हवेच्या झोतानें वाफ उंच नळीवाटे बाहेर घालवितात, पाणी भरून ती हांकलतात, अथवा नत्रवायु किंवा कोरडा बर्फ, म्हणजे गोठविलेला कर्बवायु, वापरून आंतील प्राणवायु कमी करतात. कोरड्या बर्फाचें प्रमाण अमेरिकेंत दर १०० गॅलन मापास दीड पौंड धरतात. हा बर्फ उघड्या हातानें धरल्यास कातडी भाजते, आणि त्याचा वायु जड असल्यामुळें खड्ड्यांत सांचून माणूस गुदमरूं शकतो.

(६) स्फोटक वायु मोजण्याच्या यंत्रानें टाकीच्या माथ्याशीं, मध्यें व बुडाशीं अशा तिन्ही ठिकाणीं मोजणी करावी. वाफ स्फोटाच्या खालच्या मर्यादेच्या एकपंचमांशाहून कमी असल्याखेरीज टाकी हलवूं नये. नत्रवायु किंवा कोरडा बर्फ वापरला असेल, तर या यंत्राचा आंकडा भरंवशाचा राहत नाहीं; तेथें प्राणवायु मोजावा लागतो. ही गोष्ट ठेकेदारास ठाऊक आहे कीं नाहीं, यावरूनच त्याची पारख होईल.

(७) सर्व छिद्रें बुजवून, वरच्या बाजूस एक बारीक छिद्र मोकळें ठेवावें. नाहीं तर उन्हानें आंतील दाब वाढेल. टाकी क्रेननें उचलावी. साखळदंड लावून ओढूं किंवा गडगडवूं नये. तिच्यावर ठळक अक्षरांत लिहावें कीं, यांत पूर्वीं पेट्रोल अगर डिझेल होतें. अन्न, पाणी किंवा चारा सांठविण्यास ही अयोग्य आहे.

या शेवटच्या ओळीकडे वाचकांचें विशेष लक्ष वेधतों. जाड पत्र्याची टाकी पाहून ती धुऊन पाण्यासाठीं, मळीसाठीं किंवा पशुखाद्यासाठीं वापरावी असा मोह आपल्याकडे हमखास होतो. कितीहि घासली तरी पत्र्यांत व गंजांत मुरलेलें द्रव्य निघत नाहीं. टाकी परवानाधारक कारखान्यांत नेऊन तोडली जावी आणि तशी पावती आपणांस मिळावी, हेंच योग्य.

जागेवरच भरून टाकणें

टाकी इमारतीखालीं असेल, किंवा ती उकरल्यानें भिंत अगर रस्ता खचण्याची भीति असेल, तर ती जागेवरच निकामी करतात. याहि रीतींत तेल काढणें, गाळ काढणें, वाफमुक्त करणें व मोजणी करणें या पायऱ्या चुकत नाहींत. त्यानंतर वाळू, सिमेंटचें पातळ मिश्रण किंवा त्यासाठीं तयार केलेला फेस आंत भरून पोकळी अजीबात राहूं देत नाहींत. कारण पोकळी राहिल्यास पत्रा गंजून एखादे दिवशीं जमीन खचते. या रीतीचा दोष असा कीं, टाकीखालची माती पाहावयास मिळत नाहीं. म्हणून तिच्या भोंवतीं छिद्रें पाडून मातीचे नमुने घ्यावे लागतात. शेतजमिनींत, जेथें पुढें नांगर चालावयाचा, झाडें लावावयाचीं किंवा विहीर खणावयाची आहे, तेथें टाकी काढून टाकणेंच श्रेयस्कर होय.

खड्डा बुजविण्यापूर्वीं

टाकी निघाली म्हणजे काम संपलें असें वाटतें व त्याच सायंकाळीं खड्डा बुजविला जातो. वस्तुतः सर्व खर्चाचें सार त्या उघड्या खड्ड्यांत असतें. टाकीच्या दोन्ही टोंकांखालील, नळांच्या वाटेवरील व तेल देणाऱ्या यंत्राखालील मातीचे नमुने घेऊन ते तपासावे. मातीचा रंग काळसर-निळसर झाला असेल, वास येत असेल किंवा खड्ड्यांत आलेल्या पाण्यावर तवंग असेल, तर गळती झाली असें धरावें.

अशी माती बांधावर टाकूं नये, शेतांत पसरूं नये, किंवा त्याच खड्ड्यांत परत लोटूं नये. थोडी दूषित झालेली माती, हवा, ओलावा व नत्र मिळाल्यास, जिवाणूंच्या साहाय्यानें कालांतरानें शुद्ध होऊं शकते. आपल्या शेणखताच्या ढिगांत जी क्रिया चालते तिचीच ही बहीण आहे. परंतु तीहि तज्ज्ञांच्या देखरेखीखालीं व प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीनेंच करावी. विहिरींत पाणी उतरत असेल अशा बाजूस दूषित माती क्षणभरहि ठेवूं नये.

कायदा व करारनामा

पेट्रोलियम पदार्थांचा सांठा १९३४ च्या पेट्रोलियम कायद्याखालीं व त्याच्या २००२ च्या नियमांखालीं येतो. हें काम पाहणारी पेट्रोलियम व स्फोटक सुरक्षा संघटना हिची मुख्य कचेरी आपल्या नागपुरांतच आहे. डिझेलच्या वर्गांतील तेल एका जागीं २,५०० लिटरांपर्यंत, व कोणतेंहि एक भांडें १,००० लिटरांहून मोठें नसेल तर, परवान्याशिवाय ठेवतां येतें. म्हणजे पंपाची टाकी परवान्याखेरीज असूंच शकत नाहीं. टाकी वाफमुक्त असल्याबद्दल अधिकृत जाणकाराचा लेखी दाखला असल्याशिवाय तीवर ज्योतीचें किंवा ठिणगीचें काम करण्यास या नियमांनीं मनाई आहे. हा दाखला आपण स्वतः पाहावा व त्याची प्रत ठेवावी.

टाकीचा तेलकट गाळ व धुण्याचें पाणी हीं घातक कचऱ्यासंबंधीं २०१६ सालीं झालेल्या नियमांच्या यादींत आहेत. तीं अधिकृत केंद्रांतच जावयास पाहिजेत. महाराष्ट्रांत तळोजें, रांजणगांव व बुटीबोरी येथें अशीं केंद्रें आहेत. गाळ किती निघाला व कोठें पोंचला याची पावती ठेकेदाराकडून घेतल्याखेरीज अखेरची रक्कम देऊं नये.

खर्च कोणी करावा, हा प्रश्न करारनाम्यावर अवलंबून असतो. म्हणून ज्यांची जमीन आज पंपासाठीं दिलेली आहे किंवा द्यावयाची आहे, त्यांनीं पट्ट्यांत पुढील अटी स्पष्ट घालाव्या : मुदत संपतांच भाडेकरूनें स्वखर्चानें टाक्या व नळ काढावे; माती व पाणी तपासून त्याचा दाखला मालकास द्यावा; दूषित आढळल्यास शुद्धीकरणाचा खर्च सोसावा; आणि हें सर्व पुरें होईपर्यंत भाडें चालू राहावें. शेवटची अट इतर तिन्ही अटींस बळ देते. जुन्या पट्ट्यांत अशा अटी नसल्या तरी परवाना ज्याच्या नांवें होता त्यास प्रथम नोंदणीकृत डाकेनें लेखी कळवावें आणि त्या पत्राची प्रत नागपूरच्या संघटनेस व प्रदूषण नियंत्रण मंडळास पाठवावी. आपण टाक्यांस हात लावल्यावर ही मागणी दुबळी होते. भंगारवाल्यास होकार न देण्याचें हेंहि एक कारण आहे.

आमच्या सभासदबंधूंनीं सदर सल्ला मानून टाक्यांभोंवतीं कुंपण घातलें आहे, विहिरीचें पाणी तपासणीस दिलें आहे आणि जुन्या भाडेकरूस पत्र धाडलें आहे. कांद्याच्या चाळीस एक हंगाम उशीर होईल, हें नुकसान खरें आहे. भंगाराची रक्कमहि हातची गेली. परंतु त्या रकमेसाठीं कटर हातीं घेऊन टाकीवर जो कामकरी बसला असता, तोहि कोणा शेतकऱ्याचाच मुलगा असता. ज्यांच्या जमिनींत अशी टाकी आहे किंवा असल्याचा संशय आहे, त्यांनीं संघाच्या कचेरीस कळवावें. एका गांवांत किंवा एकाच सडकेवर अशा दोन-चार जागा निघाल्यास सर्वांनीं मिळून एकाच जाणकार ठेकेदारास काम देणें खर्चाच्या दृष्टीनेंहि सोयीचें होईल. तोंपर्यंत झांकण बंद ठेवावें, विस्तव दूर ठेवावा, आणि पेवाचा कंदील पेवासाठींच राखावा.